क्षमता चोवीसची, गव्हाण रिकामी

दोन देवळाल्या

देवळाली प्रवरेचा पत्ता सांगताना ‘प्रवरा’ गिळून चालत नाही. गिळला, की पार्सल नाशिकला जाते. तिकडची देवळाली म्हणजे कॅम्प, काकूलहून आलेली तोफखान्याची शाळा, थंड हवा. इकडची देवळाली राहुरी तालुक्यातली. नगरपालिकेचे गाव, प्रवरेच्या उजव्या कालव्याचे पाणी, नजर जाईल तिथवर ऊस, आणि नगर-मनमाड रस्त्यावर शेजारी ‘राहुरी फॅक्टरी’. ही फॅक्टरी म्हणजे साखर कारखाना. पण एसटीच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर तेच आता गावाचे नाव झाले आहे.

या अंकाचा विषय ‘वेग’ असा ठरला, तेव्हा आवाजाच्या पुढे पळणारे यंत्र जमिनीवर किती संथ जन्माला येते ते पाहायला निघायचे ठरले. त्यासाठी देवळाली प्रवरा ही जागा वाटते तितकी आडवळणाची नाही. दक्षिणेला, नगरच्या अलीकडे, रणगाड्यांचा सराव चालणारी के. के. रेंज आहे. वायव्येला, शिर्डी-येवला-निफाड ओलांडले की ओझर, जिथे साठ वर्षे लढाऊ विमाने बनताहेत. आणि मधल्या या पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही एक गोष्ट पाठ असते: कारखान्याची गाळपक्षमता वेगळी आणि झालेले गाळप वेगळे.

के. के. म्हणजे खारे कर्जुने

‘के. के.’ हे कुणा इंग्रज साहेबाचे आद्याक्षर असावे, असा अनेकांचा समज आहे. ते नाव आहे खारे कर्जुन्याचे, नगर तालुक्यातल्या गावाचे. नगर, पारनेर आणि राहुरी या तीन तालुक्यांच्या माळावर ही रेंज पसरलेली आहे. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे जवान येथे गोळे डागायला शिकतात. सराव असला की राहुरीच्या दक्षिणेकडच्या वाड्यांत भांडी किणकिणतात. देवळालीपर्यंत वारा साथ देईल तसा दबका, पोटात जाणवणारा धप्पकन आवाज येतो. नवखा माणूस आभाळाकडे पाहतो. गावचा माणूस ‘आज के. के.ला फायरिंग आहे’ म्हणून मोटार चालू करायला निघून जातो.

शस्त्र कसे चालते याचा निकाल अशा माळावर लागतो. २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्यातून डीआरडीओचे लेसरच्या इशाऱ्यावर चालणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र इथेच डागले गेले. तीन किलोमीटरवरचे लक्ष्य त्याने टिपले. १ ऑक्टोबरला पुन्हा डागले, या वेळी अधिक लांब. वाचताना सोपे वाटते. क्षेपणास्त्र रणगाड्याच्या १२० मिलीमीटरच्या तोफेच्या नळीतूनच सुटते, म्हणजे गोळ्याचा धक्का खाऊनही त्याच्या आतली नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे. तोपची मग लेसरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवतो आणि क्षेपणास्त्र त्या ठिपक्याचा माग काढत जाते. हात हलला, मध्ये धूळ उठली, तर सगळे फुकट. नगरचा माळ उन्हाळ्यात धुळीला कधी कमी पडत नाही. परीक्षेला तो बरा.

नगरमध्येच डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा आहे, व्हीआरडीई. तिने टाटांबरोबर आठ चाकांचे चिलखती वाहन घडवले. २०२५च्या सप्टेंबरात त्याचा कारखाना मोरोक्कोतल्या बेरेशिद येथे सुरू झाला. नगरच्या माळावरचे वाहन उत्तर आफ्रिकेत तयार होते आहे, याची बातमी जिल्ह्यात जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही. ऊसदराचे आंदोलन असते तर पहिले पान मिळाले असते.

रेंजची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्या विस्ताराची टांगती तलवार राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या सुमारे तेवीस गावांवर वर्षानुवर्षे आहे. यांतली काही कुटुंबे मुळा धरणाने एकदा उठवलेली. २०२० साली हा प्रश्न पुन्हा पेटला. शरद पवार आणि तेव्हाचे पारनेरचे आमदार नीलेश लंके यांनी संरक्षणमंत्र्यांची भेट घेतली. सात-बारावरचा शेरा कधी येईल या धास्तीत विहीर खणावी की नाही, हेही ठरत नाही. न फुटलेल्या गोळ्यातले भंगार काढायला गेलेल्यांचे जीव गेल्याच्या घटनाही खारे कर्जुने परिसराने पाहिल्या आहेत.

अर्जुनकडे परत येऊ. २००० साली लष्कराने १२४ अर्जुन मागवले. सुधारलेला अर्जुन मार्क १ए हवा म्हणून सप्टेंबर २०२१मध्ये आणखी ११८ची ऑर्डर दिली, किंमत ७,५२३ कोटी रुपये. हा गडी अडुसष्ट टनांचा. उसाने शिगोशीग भरलेले तीन-चार ट्रक एकावर एक रचावेत तसा. तोफ आपली, चिलखत आपले, क्षेपणास्त्र आपले. इंजिन जर्मनीचे. आणि काम तिथेच अडले. ज्या इंजिनाचे उत्पादन थांबले होते ते पुन्हा सुरू करायला कंपनी वर्षे मागते, तोवर चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्याने करायचे काय? ही गोष्ट लक्षात ठेवायची. ओझरला पोचल्यावर ती पुन्हा भेटते.

द्राक्षांच्या वाटेवर

देवळालीहून ओझरला जायचे तर राहुरी फॅक्टरीला नगर-मनमाड रस्ता धरायचा. या रस्त्याच्या खड्ड्यांवर जिल्ह्यात स्वतंत्र वाङ्मय आहे, इथे त्यात भर नको. कोल्हार, बाभळेश्वर, शिर्डी, कोपरगाव, येवला. येवल्यापासून ऊस मागे पडू लागतो आणि निफाडच्या बाजूला द्राक्षांचे मांडव सुरू होतात.

या मांडवांवरून ओझरच्या विमानांच्या चाचण्या होतात. नाशिक जिल्ह्यात अधूनमधून ‘गूढ आवाजा’ची बातमी येते. खिडक्या हादरतात, भूकंपाच्या अफवा उठतात, दुसऱ्या दिवशी खुलासा होतो की सुखोईने ध्वनीची मर्यादा ओलांडली होती. विमान आवाजापेक्षा जोरात धावू लागले की त्याने ढकललेल्या हवेच्या लाटा एकमेकींवर चढतात आणि जमिनीवर एकदम आदळतात. लोकांना तो स्फोट वाटतो. तोवर विमान पुढच्या तालुक्यात गेलेले असते.

दोनदा मात्र आवाजावर भागले नाही. २७ जून २०१८ रोजी चाचणीवर निघालेले सुखोई वावी ठुशीजवळ द्राक्षबागेत कोसळले. ४ जून २०२४ रोजी, देश लोकसभेचा निकाल मोजत असताना, दुरुस्तीनंतरच्या चाचणीवरचे दुसरे सुखोई शिरसगावच्या शेतात पडले. दोन्ही वेळा वैमानिक छत्रीने उतरले, बचावले. कारखान्यातून विमान बाहेर आले म्हणजे ते तयार झाले असे नाही. ते आकाशात नेऊन, मुद्दाम त्रास देऊन पाहावे लागते, आणि हे काम निफाडकरांच्या डोक्यावर चालते.

मिग

ओझरच्या थांब्याला लोक अजून ‘ओझर मिग’ म्हणतात. कारखान्यात नोकरीला असलेला माणूस ‘मिगमध्ये’ असतो. राहुरी फॅक्टरीसारखेच हे. गावाने कारखान्याचे नाव घेतले आणि कारखान्याने काय बनवणे सोडले याची फिकीर केली नाही.

सोव्हिएत संघाशी मिगचा करार १९६२मध्ये झाला. त्याच वर्षी चीनने मार दिला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १९६४पासून ओझरचा कारखाना उभा राहिला. त्याने साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ बनवली, मग १६५ मिग-२७. मिग-२७ डिसेंबर २०१९मध्ये जोधपूरला निवृत्त झाले. मिग-२१ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटचा निरोप घेतला. बासष्ट वर्षांची सेवा. वायुदलात बाप आणि मुलगा दोघांनी एकाच जातीचे विमान उडवल्याची उदाहरणे त्यामुळेच सापडतात.

मिगनंतर सुखोई-३०. डिसेंबर २०००मध्ये १४० विमाने परवान्यावर बनवायचे ठरले, मागाहून ४० आणि ४२ वाढली. एकूण २२२ सुखोई ओझरहून निघाली, पहिले २००४मध्ये. सोळा-एक वर्षांत २२२, म्हणजे वर्षाला सरासरी तेरा-चौदा. मधल्या काही वर्षांत कमी, काहींत जास्त.

हे बनते कसे? सुखोईचे काम चार टप्प्यांत चढत गेले. पहिल्या टप्प्यात रशियातून तयार जुळण्या खोक्यांत यायच्या आणि ओझरला त्या जोडायच्या. पाळणा तयार आणून घरी फक्त दोरी बांधावी तसे. पुढच्या प्रत्येक टप्प्यात खोक्यातले सामान कमी होत गेले. चौथ्या टप्प्यात कच्च्या धातूपासून भाग घडवायचे. एका सुखोईत सुमारे ४३,००० वेगवेगळे भाग असतात. त्यातले बहुतांश भारतात बनू लागले तरी टायटॅनियमच्या लाद्या, घडीव तुकडे, काही पत्रे रशियातूनच घ्यायचे असे करारातच होते.

कारखान्याच्या पोटात लगबग दिसेल अशी अपेक्षा करून गेलेल्याचा विरस होतो. मोटारीच्या कारखान्यातला सरकता पट्टा इथे नसतो. विमान एका जागी उभे असते आणि माणसे त्याच्याभोवती फिरतात. आधी साचा, म्हणजे जिग. दाराच्या चौकटीसारखी ही भक्कम लोखंडी चौकट पंखाचा आणि धडाचा आकार मुठीत धरून ठेवते. त्यात पत्रा बसवायचा, भोक पाडायचे, पत्रा उतरवून भोकाची कड साफ करायची, पुन्हा बसवून रिव्हेट ठोकायचा. एक भोक वाकडे गेले की महागडा भाग बाद. मग तेलाच्या टाक्यांच्या सांध्यांत लांबी भरायची, ती सुकायची वाट पाहायची, दाब देऊन गळती शोधायची. विमानाचे पंख पोकळ असतात आणि त्यात इंधन असते, त्यामुळे गळती म्हणजे खेळ नव्हे. मग वायरिंग. अंगठ्याएवढ्या जाडीच्या तारांच्या जुड्या कोपरही शिरणार नाही अशा जागेतून ओवायच्या. इथे सडपातळ हाताच्या माणसाची किंमत अभियंत्यापेक्षा जास्त असते.

तेजस या भारतीय लढाऊ विमानात हा खेळ वेगळा. त्याच्या सांगाड्याच्या वजनात जवळजवळ ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा. हे कापड आधीच राळेत भिजवलेले असते आणि उणे तापमानाच्या शीतगृहात ठेवावे लागते. बाहेर काढले की घड्याळ सुरू होते. भिजवलेल्या कणकेसारखे, ठरल्या वेळात वापरले नाही तर गेले. थरावर थर लावून ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, दाबाखाली भाजतात. अशा विमानाचे तुकडे वेगवेगळ्या गावांतून येतात. पंख कोइमतूरहून एल अँड टीकडून, मधले धड हैदराबादच्या व्हेमकडून, शेपटी टाटांकडून. जुळणारा कारखाना कितीही तयार असो, यातला एक ट्रक उशिरा आला की साचा रिकामा.

नो केन

गेल्या वर्षी वसुबारसेला, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकला जुळवलेले पहिले तेजस मार्क १ए उडाले. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हजर होते. त्याच दिवशी एचटीटी-४० या शिकाऊ विमानाची दुसरी जुळणीही इथे सुरू झाली. बेंगळुरूच्या दोन जुळण्यांतून वर्षाला सोळा आणि नाशिकहून आठ, अशी तेजसची क्षमता चोवीस झाली.

चोवीस हा आकडा वर्तमानपत्रांनी मोठ्या टाइपात छापला. राहुरीच्या बाजूचा ऊस उत्पादक असे आकडे वाचायला लहानपणीच शिकतो. कारखाना दिवसाला अमुक हजार टन गाळू शकतो, हे खरे. पण ऊसतोडीच्या टोळ्या आल्या नाहीत, बैलगाड्या अडल्या, शेजारच्या कारखान्याने ऊस पळवला, तर ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहते. बॉयलर तापलेला, कामगार पाळीवर, चाके थांबलेली. साखर कारखान्यात या दुखण्याला ‘नो केन’ म्हणतात. रजिस्टरात किती तास नो केन, याची नोंदही होते.

तेजसचा ऊस म्हणजे अमेरिकेच्या जीईचे एफ-४०४ इंजिन. फेब्रुवारी २०२१मध्ये वायुदलाने ८३ मार्क १ए मागवले. त्याच ऑगस्टमध्ये ९९ इंजिनांचा करार झाला. पण या जातीच्या इंजिनाची आधीची ऑर्डर पुरी झाल्यावर जीईने ती जुळणी बंद केली होती. बंद जुळणी सुरू करणे म्हणजे बटण दाबणे नव्हे. सुटे भाग देणारे पुरवठादार दुसरी कामे घेऊन बसलेले असतात, जाणती माणसे निवृत्त झालेली असतात. या मालिकेतले पहिले इंजिन मार्च २०२५मध्ये मिळाले. विमान द्यायचे ठरले होते मार्च २०२४ला. २०२५च्या दिवाळीपर्यंत आलेली इंजिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि वायुदलाच्या हाती एकही मार्क १ए पडले नव्हते.

मग विमाने चाचणीला उडाली कशी? जवळच्या राखीव इंजिनांवर. इंजिन एका विमानात बसवायचे, उडवून पाहायचे, काढायचे, दुसऱ्यात बसवायचे. सावडीवर एकच बैलजोडी चौघांची पेरणी उरकते, तशी ही गत. पेरणी होते, पण चौघांच्या दारात बैल दिसत नाहीत. नुसते इंजिन आले तरी भागत नव्हते. रडार, क्षेपणास्त्र आणि संगणक यांची सांगड वायुदलाला पटेपर्यंत चाचण्याही उरल्या होत्या.

वायुदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी २०२५मध्ये एकही प्रकल्प वेळेत पुरा झाल्याचे आठवत नाही, असे जाहीर व्यासपीठावर सांगितले. त्यांच्या चिडीमागे हिशेब होता. मंजूर स्क्वाड्रन ४२, मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. मिगच्या निवृत्तीच्या आदल्याच दिवशी सरकारने आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार केला. ८३ आणि ९७ मिळून १८०. चोवीसची क्षमता एक दिवसही नो केन न होता चालली, तरी साडेसात वर्षे. स्क्वाड्रनला सोळा-अठरा विमाने लागतात, म्हणजे वर्षाला जेमतेम दीड स्क्वाड्रन. तोवर वायुदलाची जुनी जग्वार विमाने आणखी म्हातारी होत राहणार.

टेक्सासचे अंगण

हे दुखणे फक्त आपले आहे असे मानून कुढणाऱ्यांनी टेक्सासच्या फोर्ट वर्थकडे पाहावे. तिथला एफ-३५चा कारखाना जगात सर्वांत मोठा, वर्षाला दीडशेच्या पुढे विमाने बनवण्याची त्याची ताकद. पण जुलै २०२३ ते जुलै २०२४ असे वर्षभर अमेरिकी सरकारने नवी विमाने ताब्यातच घेतली नाहीत. नव्या संगणकाचे सॉफ्टवेअर तयार नव्हते. विमाने बनत होती आणि अंगणात उभी राहत होती, गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा साचाव्यात तशी. २०२४मध्ये ११० सुपूर्द झाली, २०२५मध्ये विक्रमी १९१. त्या विक्रमात आधीची साचलेली विमानेही मोजलेली आहेत. आकडा खरा, पण तो त्या वर्षीच्या वेगाचा नव्हे.

उलटे उदाहरण पुन्हा देवळालीचे, पण त्या दुसऱ्या. नोव्हेंबर २०१८मध्ये नाशिकच्या देवळालीत के-९ वज्र ही स्वयंचलित तोफ लष्करात दाखल झाली. एल अँड टीने गुजरातमधल्या हझिऱ्याला शंभर वज्र बनवल्या आणि फेब्रुवारी २०२१ला शेवटची मुदतीआधी दिली. डिसेंबर २०२४मध्ये तिला आणखी शंभर वज्रची ऑर्डर मिळाली. वज्र ही मुळात कोरियाची सिद्ध झालेली तोफ, तिचा आराखडा मध्येच बदलला नाही, पहिल्या दहा जवळजवळ तयार आल्या. तेजसचे तसे नव्हते. ते बनता बनता शिकायचे होते, आणि शिकणाऱ्याने वेळापत्रक दिले की ते चुकतेच. यात तेजस बनवणाऱ्या, ओझरचा कारखाना चालवणाऱ्या एचएएलला पूर्ण माफी नाही. जोखीम दिसत असताना तारखा देणे ही त्यांचीच सवय.

उभे आणि उडते

ओझरच्या हँगरांत नव्या विमानांइतकीच गर्दी जुन्यांची असते. ठरावीक तास उडाले किंवा वर्षे भरली की सुखोई ओव्हरहॉलसाठी परत येते. ते सोलले जाते. पत्रे, नळ्या, तारा, खुर्च्या बाहेर, सांगाड्याला चिरा शोधायचे तपासणीचे किरण, मग पुन्हा सगळे आत. ज्या फिटरने घडवले त्याच्याच वारसदाराच्या हातात ते येते.

२०१५मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी सुखोईची उपलब्धता साधारण ५५ टक्क्यांच्या घरात असल्याचे सांगितले होते आणि ती वाढवायचा धोशा लावला होता. म्हणजे शंभरपैकी पंचेचाळीस विमाने देखभालीत, दुरुस्तीत किंवा सुट्या भागाची वाट पाहत उभी. अमेरिकेच्या लेखापरीक्षकांनी २०२३मध्ये एफ-३५साठी काढलेला आकडाही नेमका त्याच घरातला, ५५. म्हणून नवी विमाने किती बनली यापेक्षा जुनी किती उठून उभी राहिली, याने वायुदलाचे बळ काही वेळा अधिक झपाट्याने वाढते. कोरापुटला सप्टेंबर २०२४मध्ये मिळालेली २४० सुखोई इंजिनांची ऑर्डर ही त्याच कामाची. वर्षाला तीस, आठ वर्षे.

डिसेंबर २०२४मध्ये ओझरला आणखी बारा सुखोईंची ऑर्डर मिळाली, सुमारे १३,५०० कोटींची. २२२ची मालिका संपल्यावर थंडावलेले साचे त्यासाठी पुन्हा कामाला लागायचे होते. ही बारा विमाने अपघातांत गेलेल्यांच्या जागी घ्यायची आहेत. ती तयार झाली की चाचणीसाठी ओझरहून उडतील आणि उडताना खाली निफाडचे मांडव असतील, वावी ठुशी असेल, शिरसगाव असेल.